शिट्टीबाईचं कुंपण

त्या पठारावर लोक फुलं बघायला जात. पण शिट्टीबाईची ड्यूटी असली की फुलं आणि अपमान एकाच तिकिटात मिळत. फाटकातून आत शिरून माणूस चार पावलं टाकतो न टाकतो तोच मागून कानठळ्या बसवणारी शिट्टी यायची आणि पाठोपाठ तिचा आवाज, जो शिट्टीहून मंजूळ होता असं तिच्या आईनंही म्हटलं नसतं. पाय कुठे पडतोय ते बघा, वाट सोडू नका, खाली बसू नका, आडवं तर मुळीच होऊ नका, हे तुमचं घर नाही. नवी जोडपी, पेन्शनर, डॉक्टर, वकील, कुणाचीच गय नव्हती.

एकदा कुणी बडे अधिकारी सहकुटुंब आले. त्यांच्या बाईसाहेब फुलांच्या मधोमध बसून फोटो काढून घेत होत्या. शिट्टीबाईनं त्यांना उठवलं, त्या बसल्या होत्या तिथे वाकून चिरडलेली रोपं एक एक करून मोजली आणि आकडा त्यांच्या तोंडावर सांगितला. सतरा. बसल्या बसल्या सतरा जीव घेतलेत, ती म्हणाली, आता हसा आणि काढा फोटो. त्या दिवशी वनखात्यातल्या तिच्या साहेबांच्या ऑफिसात फोनवर फोन आले. साहेबांनी तिला समोर उभं करून सांगितलं, की बाई, जरा गोड बोलायला काय जातं? ती म्हणाली, वेळ जातो.

गावात तिचं कुणाशी पटत नव्हतं. चहावाल्याशी नाही, कारण त्याचे कागदी पेले वाऱ्यानं आत उडून येत. लॉजवाल्यांशी नाही, कारण ते पाहुण्यांना मागच्या वाटेनं फुकटात आत सोडत. गाइड लोकांशी तर विचारूच नका. आख्खं गाव त्या फुलांवर जेवत होतं आणि फुलं राखणाऱ्या बाईला मात्र कुणी पाण्याचा ग्लास विचारत नव्हतं. अर्थात गावाचंही काही चुकत होतं असं नाही. बाई फाटक्या तोंडाचीच होती. वयाची पन्नाशी, अंगावर खात्याचा खाकी शर्ट, पायात पुरुषी बूट, गळ्यात शिट्टी, आणि कपाळावर एक आठी, जी झोपेतही जात नसावी.

पठारावर फुलं शंभर जातींची, पण गर्दी व्हायची ती एकाच फुलासाठी. त्याला तिथले लोक काचमणी म्हणत. पेन्सिलीच्या टोकाएवढं निळं फूल, उजाडताच उघडायचं आणि दुपार टळायच्या आत मिटायचं. जगात दुसरीकडे कुठेही हे फूल नाही, असं फाटकावरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. पाटीवर जे लिहिलेलं नव्हतं ते हे, की इथेही ते दर वर्षी कमी होत चाललं होतं. ते साहेबांना माहीत होतं, आणि त्यांच्याहून जास्त शिट्टीबाईला माहीत होतं, कारण मोजणी तीच करायची.

मोजणीसाठी तिच्याकडे लाकडी चौकट होती, चारी बाजू एकेक मीटरच्या. पठारावर दहा जागा ठरलेल्या, प्रत्येक जागेवर चुन्यानं रंगवलेला दगड. हंगाम भरात आला की ती पहाटेच वर जायची, दगडापाशी चौकट टाकायची, गुडघ्यांवर बसायची आणि चौकटीच्या आतली काचमणी बोटानं मोजायची. ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाला हळू आवाजात काही सांगितलं नाही ती तिथे श्वास रोखून मोजायची. कुंपण झालं त्या वर्षी दहा जागांची बेरीज आली चारशे बारा. पुढच्या वर्षी चारशे तीस. त्यानंतर जी उतरंड लागली ती थांबलीच नाही. पाचव्या वर्षी एकशे साठ, आठव्या वर्षी एकतीस, आणि यंदा, कुंपणाच्या नवव्या वर्षी, नऊ. दहा चौकटींत नऊ फुलं. पर्यटकांचे पाय, असं साहेब रिपोर्टात लिहीत. शिट्टीबाईचाही त्यावर ठाम विश्वास होता, आणि म्हणून आकडा जसजसा उतरत गेला तसतसा तिचा आवाज चढत गेला.

आता हे कुंपण कुणी घातलं, ते सांगायला हवं. कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

पठाराच्या पायथ्याशी, उतार संपतो तिथे, एक घर, एक गोठा आणि दगडी बांध घातलेलं थोडं रान होतं. त्या घरात दोन बहिणी वाढल्या. थोरली आणि धाकटी, पाच वर्षांचं अंतर. दोघी लहानपणापासून आईच्या गाई घेऊन पठारावर जायच्या, कारण त्या काळी पठार म्हणजे गुरांचं रान, दुसरं काही नाही. पुढे थोरलीनं, ताईनं, घर आणि गाई सांभाळल्या. धाकटीचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि पठाराची ख्याती वाढून खात्यानं तिथे राखणदार नेमायचं ठरवलं तेव्हा ती नोकरी हिला मिळाली. नोकरी मिळाली आणि हिला जणू दुसरा जन्म मिळाला. आयुष्यात पहिल्यांदा हिच्या हातात काहीतरी हिचं स्वतःचं आलं होतं. काचमणी तिच्या लेखी फूल नव्हतं, अब्रू होती.

तिनंच साहेबांना अर्ज लिहिला, की पठाराला तारेचं कुंपण घाला. अर्जात बारा कारणं दिली होती. पहिलं कारण होतं गुरं. गुरं फुलं तुडवतात, रोपं खातात, खुरांनी माती उकरतात. डोळ्यांनी बघितलेलं होतं, खोटं काहीच नव्हतं. एरवी वर्षानुवर्षं फायली दाबून बसणाऱ्या खात्याला हा अर्ज मात्र लगेच पटला. कुंपण झालं, फीत कापली, फोटो निघाले.

ताईला कुणी विचारलं नाही. ताईच्या चार गाई चौथ्या दिवशी तारेखालून आत शिरल्या. शिट्टीबाईनं बाहेर हाकलल्या. पुन्हा शिरल्या, पुन्हा हाकलल्या, आणि बहिणीच्या दारात जाऊन सगळ्या गावाच्या देखत सांगितलं, की आता आल्या तर कोंडवाड्यात घालीन, नातं बघणार नाही. ताई हसली. धाकट्या बहिणीच्या धमकीला थोरल्या बहिणी हसतात तशी हसली. तिसऱ्यांदा गाई आत आल्या तेव्हा शिट्टीबाईनं खरंच चारही गाई गावाच्या कोंडवाड्यात नेऊन घातल्या. त्यांत एक बांडी होती, आईच्या हातची, म्हातारी आणि गाभण. कोंडवाड्याची भिंत ओलांडायला ती झेपावली आणि पाय मोडून पडली. दोन दिवसांनी मेली.

ताईनं आरडाओरडा केला नाही. उरलेल्या तीन गाई सोडवून घेऊन जाताना बहिणीकडे न बघता एवढंच म्हणाली, की आजपासून मला बहीण नाही. आणि ती शब्दाची पक्की होती. नऊ वर्षं. दहा मिनिटांच्या अंतरावर राहून नऊ वर्षं. काही निरोप असलाच तर ताईचा मुलगा, म्हणजे भाचा, मधे उभा राहून दोन्हीकडे बोलायचा, आणि त्या बाईला सांग, त्या बाईला विचार, असं दोन्हीकडून ऐकायचा. गाईंना चरायला नेण्यासाठी ताईला आख्ख्या डोंगराला वळसा घालून पलीकडच्या अंगाला जावं लागे, दोन तास जायला, दोन तास यायला. शिट्टीबाईला पठारावरून तो वळसा दिसायचा. ती तेवढ्या वेळापुरती दुसरीकडे तोंड करून उभी राहायची.

यंदाच्या हंगामाच्या शेवटच्या रविवारी एका लाल टोपीवाल्या पाहुण्याला लघवी आवरेना, म्हणून तो कुंपणाबाहेर पडून ताईच्या रानाचा बांध ओलांडायला गेला. शिट्टीबाई त्याच्या मागे धावली. रान तिच्या हद्दीत नव्हतं, पण ही बाई हद्द बघून भांडणारी नव्हती. ती बांधावर चढली, शिट्टी तोंडात घातली, आणि वाजवायची विसरली.

गोठ्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत गाईंची रोजची वाट होती. वाटेच्या दोन्ही अंगाला गवत बोटभरसुद्धा नव्हतं, सगळं चरून साफ. चिखलात उमटून वाळलेले खुरांचे खड्डे होते, आणि त्या खड्ड्याखड्ड्यांत निळे ठिपके. काचमणी. लाल टोपीवाला कधीच पळून गेला होता. ही तिथेच उभी.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती चौकट घेऊन बहिणीच्या रानात चोरासारखी शिरली. एक चौकट टाकली आणि मोजलं. चौसष्ट. एकाच चौकटीत चौसष्ट, आणि वर पठारावर दहा चौकटींत नऊ. तिनं पुन्हा मोजलं, कारण पहिल्या मोजणीवर विश्वास ठेवणं परवडणारं नव्हतं. पुन्हा चौसष्ट. मान वर केली तर गोठ्याच्या दारात ताई उभी होती, हातात बादली. ताईनं तिच्याकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं आणि काही न बोलता आत निघून गेली. शिट्टीबाईला वाटलं, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पठारावर येऊन तिनं पहिल्यांदा गवताकडे नीट बघितलं. नऊ वर्षं ती माणसांचे पाय बघत होती; गवत कधी बघितलंच नव्हतं. उलट कुंपण झाल्यावर गवत कसं माजलं, म्हणून तिला अभिमान वाटायचा. आता ते कमरेला लागत होतं. वाळलं की आडवं पडायचं आणि त्याच्यावर पुढच्या वर्षीचं उगवायचं. तिनं हात घालून ते बाजूला केलं. खाली जमीन नव्हती, वीतभर जाड कुजकट गादी होती. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या फुलाचं बी त्या गादीवर पडत होतं आणि मातीला न टेकताच मरत होतं. कुंपणाआधी गाई ते गवत खात होत्या. गाईंचे खूर ती माती उघडी करत होते. बारा कारणांतलं पहिलं कारण हेच फुलाचं अन्नपाणी होतं, आणि ते तिनं आपल्या हातानं, सहीनिशी, हाकलून दिलं होतं. ती वाटेवर बसली. बसू नका म्हणून जगावर खेकसणारी बाई भर दिवसा वाटेवर बसली, आणि सुदैवानं आत कुणी पाहुणा नव्हता.

विळा घेऊन तिनं गवत कापून बघितलं. चार दिवसांत हाताला फोड आले आणि जेमतेम एका खोलीएवढी जागा मोकळी झाली. शिवाय विळ्याला खूर नसतात.

मग ती साहेबांकडे गेली. साहेबांच्या खोलीत एक लोखंडी कपाट, एक पंखा आणि भिंतीवर कुंपणाची फीत कापतानाचा फोटो. तिनं चौसष्ट आणि नऊचा हिशेब सांगितला, गवताची गादी सांगितली, आणि गाई पावसाआधी आत सोडू द्या म्हणाली. साहेबांनी शांतपणे जुनी फाइल काढली, तिचा अर्ज काढला आणि पहिलं कारण तिलाच वाचायला सांगितलं. तिनं वाचलं. साहेब म्हणाले, कुंपण प्रत्येक वार्षिक रिपोर्टात आहे, आता ते चुकलं असं लिहायचं म्हणजे नऊ वर्षं आम्ही काय करत होतो असं वरून विचारतील. समिती नेमता येईल. समिती दोन-तीन वर्षांत येऊन बघेल.

"तोवर फूल राहील का?" तिनं विचारलं.

"तोवर पाटी आहे ना," साहेब म्हणाले.

हिवाळा तिनं दात-ओठ खात काढला. ताईच्या रानातलं फूल तरी राहील, असा एक आधार होता. तोही भाच्यानं काढून घेतला. त्यानं घराला लागून पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या, आणि पुढच्या हंगामाआधी रान सपाट करून तिथे गाड्या उभ्या करायच्या ठरवल्या होत्या. मोठ्या उत्साहानं मावशीला सांगायला आला. मावशीनं त्याला असं काही बोलून घेतलं, की तो चहा अर्धा टाकून गेला. पण रान तिचं नव्हतं, आणि हे तिला त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना पुरेपूर कळत होतं. आता जे काही व्हायचं ते वर पठारावरच व्हायचं होतं, याच उन्हाळ्यात, आणि त्याला चार गाई लागणार होत्या. गावात गाई उरल्या होत्या एकाच गोठ्यात. बांडी गेल्यावर तीनच उरल्या होत्या, पण दोन वर्षांपूर्वी जन्मलेली एक कालवड ताईनं ठेवून घेतली होती, म्हणून पुन्हा चार.

ताईच्या दारात जाण्यापेक्षा तिनं नोकरी सोडली असती. पंधरा दिवस ती रोज सकाळी बूट घालायची, पायथ्यापर्यंत जायची आणि वर वळायची. सोळाव्या दिवशी ती वळली नाही.

ताई गोठ्यात धार काढत होती. गुडघे दोन्ही फडक्यानं बांधलेले, एक पाय लांब पसरलेला. ती मागे न बघता म्हणाली, की आज चौकट नाही आणलीस. नऊ वर्षांतलं ते पहिलं वाक्य होतं.

"तुझ्या रानात काचमणी आहे, ताई."

"माहीत आहे."

"कधीपासून माहीत आहे?"

"मी गुरांमागे चालते. खाली बघूनच चालते. तुझ्या तिथे कमी होत गेली आणि माझ्या इथे वाढत गेली, सगळं दिसत होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगायचं होतं? मला तर बहीण नाही."

दुधाची धार बादलीत वाजत राहिली. शिट्टीबाईनं आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे ती कशी मागतात हेही तिला ठाऊक नव्हतं. तिनं ड्यूटीवर उभं राहावं तसं ताठ उभं राहून सांगितलं, की चूक झाली.

"कुठली?"

"कुंपणाची."

"आणि?"

या 'आणि'चा अर्थ तिला कळला. त्यासाठीच तर पंधरा दिवस पाय उचलत नव्हता. "आणि बांडीची," ती म्हणाली, आणि तिचा तो गावभर गाजलेला आवाज मधेच फाटला.

ताईनं धार थांबवली, बादली बाजूला सरकवली आणि मग पहिल्यांदा वळून तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात माया नव्हती. ताई म्हणाली, की ते फूल मेलं तर माझ्या डोळ्यांतून टिपूस येणार नाही. त्या फुलापायी माझ्या गुरांचं रान गेलं, गाय गेली, गुडघे गेले. मुलाला मीच हो म्हटलंय, लाव म्हटलं गाड्या. तू रडत आलीस म्हणून मी विरघळेन असं वाटलं असेल तर तू मला ओळखतच नाहीस.

"मी रडत नाहीये," शिट्टीबाई म्हणाली, आणि ते खरं नव्हतं.

ताईनं बादलीवर फडकं टाकलं. मग म्हणाली, "गाई हव्यात ना? ने. पण मी येणार नाही, माझ्यानं चढवत नाही. तू हाकायच्या. मागच्या बाजूनं नाही, मोठ्या फाटकातून. बाजारातून, सगळ्यांच्या देखत. आणि हा शर्ट अंगात घालून."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, लॉजचे पाहुणे नाश्त्याला बसले असताना, शिट्टीबाई खात्याच्या खाकी शर्टात चार गाई हाकत बाजारातून गेली. गावाला नऊ वर्षांत एवढी करमणूक मिळाली नव्हती. चहावाला दुकानाबाहेर येऊन उभा राहिला आणि तिच्याच आवाजात ओरडला, की वाट सोडू नका, खाली बसू नका. लॉजवाले हसले. गाइड हसले. एकानं विचारलं, की तिकीट काढलंय का त्यांचं? शिट्टीबाईचा चेहरा तापल्या तव्यासारखा झाला होता, पण ती गाईंच्या चालीनंच चालली, पाऊल भराभर उचललं नाही. फाटक तिनं स्वतःच्या किल्लीनं उघडलं.

ती रोज आली. गाई गवतात मान खुपसून दिवसभर चरायच्या आणि ती त्यांना चुन्याच्या दगडांभोवती फिरवायची. पहिले दोन दिवस त्या तिला जुमानत नव्हत्या. शिट्टी वाजवली की उधळायच्या, म्हणून तिनं शिट्टी काढून खिशात टाकली आणि लहानपणी जसं बोलायची तसं त्यांच्याशी बोलायला लागली. संध्याकाळी गाई गोठ्याच्या दारात सोडायची. ताई आतून त्यांना बांधायची. दोघींत शब्द नाही. पण ज्या दिवशी कालवड लंगडत आली त्या दिवशी आतून आवाज आला, की उजव्या अंगाला खडक आहेत, तिकडे नेऊ नकोस, आईनं कितीदा सांगितलं होतं.

अकराव्या दिवशी दहापैकी सहा दगडांभोवती जमीन दिसायला लागली होती, काळी, खुरांनी उकरलेली. त्याच दिवशी फुलांचा हंगाम नसतानाही दरी बघायला आलेल्या एका पाहुण्यानं मोबाइलवर चित्रण केलं: संरक्षित पठार, आत गुरं, आणि त्यांना हाकणारी गणवेशातली बाई. दुपारपर्यंत ते साहेबांच्या साहेबांनी बघितलं होतं. तीन वाजता जीप आली. साहेब उतरले, आणि मागच्या सीटवरून, शिपायाच्या खांद्याचा आधार घेत, ताई उतरली. गुरांची मालकीण म्हणून तिला घरून उचलून आणलं होतं. फाटकाशी निम्मं गाव जमलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कागद नीट हवा होता. त्यानं शिट्टीबाईला बाजूला घेऊन सुटायची वाट दाखवली. म्हणाला, गुरं तार तोडून शिरली असं लिहू. तुम्ही ती कोंडवाड्यात नेऊन घाला, नऊ वर्षांपूर्वी घातली होती तशी. उलट तुमची पाठ थोपटतील. मग जरा मोठ्यानं, लोकांना ऐकू जाईल अशा बेतानं, त्यानं नियम सांगितला.

"बाहेरच्याची गुरं असतील तर कोंडवाडा. खात्याच्या माणसाची असतील तर गुरंही घरी आणि माणूसही घरी. तेव्हा नीट सांगा. ताई, या गाई तुमच्या ना?"

ताईनं गाईंकडे बघितलं नाही. ती बहिणीकडे बघत होती, तेच थंड बघणं, ज्यात काही विसरलेलं नव्हतं आणि काही माफ केलेलं नव्हतं.

"माझ्या नाहीत," ताई म्हणाली. "कुणाच्या आहेत ते तिला विचारा."

गावात कुजबुज झाली. चार गाई कुणाच्या हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ताईनं शिट्टीबाईला बरोबर त्याच जागी आणून उभं केलं होतं, जिथे ती नऊ वर्षांपूर्वी उभी होती. एका हाताला कोंडवाडा, दुसऱ्या हाताला अंगावरचा शर्ट. त्या वेळी तिनं क्षणभरही विचार केला नव्हता. आता केला. पुढच्या वर्षी इथे गुडघ्यांवर बसून कोण मोजेल, हे तिच्या मनात आलं. ती किल्ली हातात नसली तर आपण कोण, हेही आलं. सहा दगडांभोवतीची काळी माती तिला तिथून दिसत होती.

"माझ्या आहेत," ती म्हणाली.

"बाई, विचार करून बोला."

"चारही माझ्या. मीच आत सोडल्या. लिहा."

साहेबांनी लिहिलं. तिनं खिशातून फाटकाची किल्ली काढून दिली, खांद्यावरचा बिल्ला काढून दिला. तो निघता निघेना तेव्हा शर्टाचा धागा ओढून तोडला. हसायला आलेला चहावाला फाटकातून बाजूला सरकला. शिट्टीबाईनं गाई वळवल्या आणि फाटकाबाहेर काढल्या. कुणाकडे बघायची तिला हिंमत नव्हती, आणि रागवायला कुणी उरलंही नव्हतं.

शिपायानं ताईसाठी जीपचं दार उघडलं. ताईनं मान हलवली. कालवडीच्या पाठीवर हात टाकून ती एकेक पाऊल करत उतार उतरायला लागली. बहिणीच्या बरोबरीला आली तेव्हाही थांबली नाही, वळली नाही.

"पाच वाजता धारा असतात," ती पुढे बघतच म्हणाली. "भांडं घेऊन ये. तुझ्या गाईंच्या धारा मी का काढू?"